गोठ्यातलं आरोग्य (भाग ६) : रक्त काढण्याआधी

मागच्या आठवड्यात लाळ्या-खुरकुताबद्दल लिहिलं. तो रोग निदान डोळ्यांना दिसतो. तोंडातून लाळेच्या तारा आणि खुरांत जखमा दिसल्या की शेंबडं पोरही ओळखतं. आजचा रोग दिसत नाही.

सातव्या महिन्यात गाय गाभडते. मालक हळहळतो. बैलाची धडक लागली असेल, कुणाची नजर लागली असेल, असं म्हणत मेलेलं वासरू आणि वार उकिरड्यावर टाकतो. दोन महिन्यांनी त्याच दावणीची दुसरी गाय गाभडते, आणि मग दवाखान्यात फोन येतो, “डॉक्टर, रक्त तपासून घ्यायचंय.” फोन आला हे चांगलंच. पण जंतू जिथे सगळ्यात जास्त होते, ते कुत्र्यांनी कधीच शेताशेतांतून ओढून नेलेलं असतं.

हा सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेल्ला. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरला १८८७ साली माल्टा बेटावर तापाने गेलेल्या सैनिकांत हा जंतू सापडला. त्याचा गायींतला भाऊबंद दहा वर्षांनी डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांनी शोधला. म्हणजे माणसाचा रोग आधी कळला आणि गायीचा नंतर. आपल्याकडे अजूनही उलटं चालतं. गाय गाभडलेली सगळ्या गावाला ठाऊक असते, पण घरातल्या माणसाचा ताप तिच्याशी कुणी जोडत नाही.

तपासणी म्हटलं की सगळ्यांना सुई आठवते. पण दुभत्या गायींच्या गोठ्यात सुरुवात दुधापासून करावी, ते स्वस्तही पडतं. गोठ्याच्या एकत्र दुधाचा नमुना घ्यायचा आणि त्यात रंगवलेले, मारलेले ब्रुसेल्लाचे जंतू मिसळायचे. दुधात या रोगाची प्रतिपिंडं असतील तर ती या जंतूंना पकडतात, स्निग्धांशाला चिकटतात आणि सायीबरोबर वर येतात. तासाभराने नळीत वरच्या बाजूला रंगीत कडं दिसतं. प्रतिपिंडं नसतील तर साय पांढरी राहते आणि रंग खालच्या दुधात. मला ही चाचणी फार आवडते, कारण तिचं उत्तर मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. मात्र चिकाचं किंवा दगडी झालेल्या सडाचं दूध त्यात गेलं की ती फसते. आणि आटलेल्या गायी, कालवडी, वळू यांच्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

कडं उमटलं की मग एकेका जनावराचं रक्त. इथे बहुतेक चुका प्रयोगशाळेत होत नाहीत, खोड्यापासून मोटारसायकलच्या डिकीपर्यंत होतात. लाल टोपणाची नळी घ्यायची, कारण आपल्याला सीरम हवं असतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं; ती थायलेरियासारख्या रक्तातल्या परजीवींसाठी. मानेच्या शिरेतून पाचेक मिली रक्त घेतलं की नळी तिरकी ठेवून सावलीत गोठू द्यायची. गवताच्या रंगाचं सीरम सुटलं की बर्फाच्या डब्यात. नळी गदागदा हलवली, उन्हात राहिली किंवा न गोठलेलं रक्त थेट बर्फाला लागलं, तर तांबड्या पेशी फुटतात आणि लालभडक पाणी हाती येतं. त्यावरून काही वाचता येत नाही.

नळीवर कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लिहायचा. “गौरी” लिहू नये. एका गोठ्यात मला तीन गौरी भेटल्या आहेत.

नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पुढे जातो. पुण्यात औंधला राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. तिथे सीरमचा थेंब आणि तेवढाच गुलाबी प्रतिजनाचा थेंब एकत्र करून चार मिनिटं हलवतात. फाटलेल्या दुधासारखी कणी धरली की संशय पक्का, आणि मग एलायझाने खात्री.

आता वेळेचा घोळ. गाय गाभडली त्याच दिवशी घेतलेलं रक्त कधीकधी निर्दोष निघतं, कारण प्रतिपिंडं अजून वाढलेली नसतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यावं. लोणी, काष्टी, सांगोल्याच्या बाजारातून आणलेल्या गाभण गायीचंही तसंच. आज कागद कोरा, आणि व्याल्यावर रोग वर. म्हणून तिला महिनाभर वेगळं बांधावं आणि व्याल्यानंतर पुन्हा तपासावं. उलट, लस टोचलेल्या कालवडीच्या रक्तात काही महिने प्रतिपिंडं सापडू शकतात, तो रोग नव्हे. ही लस सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच देतात. तिची नोंद जपून ठेवा.

हे सगळं जमलं तरी खरी अडचण पुढे आहे. इंग्लंड-डेन्मार्कने बाधित जनावर शोधून, कापून रोग संपवला. आपल्याकडे गोहत्याबंदी आहे, आणि या रोगावर गायीला द्यावा असा भरवशाचा इलाज नाही. मग बाधित निघालेली गाय मुकाट्याने बाजारात जाते आणि दुसऱ्याच्या दावणीला लागते. म्हणून सुई लावण्याआधी मी मालकाला विचारतो, “बाधित निघाली तर काय करणार?” उत्तर नसेल तर आधी ते ठरवू, रक्त नंतर काढू. २००९ च्या कायद्याने हा रोग कळवणं बंधनकारक आहे. पण कायद्याच्या धाकाने कुणी गाय वेगळी बांधल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

एकाने बांधली. विहिरीपलीकडे पत्र्याची शेड, तिची धार सगळ्यात शेवटी. व्याल्यावर हातमोजे घालून वार चुन्यात पुरायची, असंही ठरलं. सगळं ठरल्यावर त्याने हळूच विचारलं, “डेअरीत कळलं तर?”

डेअरीत दूध तापवलं जातं, जंतू तिथे मरतात, असं मी सांगितलं. मग विचारलं, घरी दूध कसं पिता? धाकट्याला धारोष्णच लागतं, म्हणाला. आणि त्याचा ताप दोन महिने येतो-जातोय, टायफॉइडच्या गोळ्या चालू आहेत. मी गायीच्या अहवालाची एक प्रत काढली, मागच्या बाजूला त्यांच्या डॉक्टरांच्या नावाने दोन ओळी लिहिल्या आणि त्या मुलाचं रक्त त्याच दिवशी द्यायला पाठवलं.