माझं कुठलं?

मे महिन्यात वन्सं आठ दिवस राहायला आल्या की सकाळच्या खाण्याचा प्रश्न पडतो. त्यांना कांदा-लसूण चालत नाही, आत्याबाईंना मधुमेह आणि धाकट्या भाचीला गहू वर्ज्य. मागच्या वर्षी मी हौसेने तीन पदार्थ केले. सकाळ ओट्याशीच गेली. भाची मात्र वेगळी बशी घेऊन कोपऱ्यात बसली. एवढं करूनही तिचं पोट बिघडलंच.

यंदा एकच बेत ठरवला, मुगाची धिरडी! सकाळी हिरवे मूग भिजत घातले. रात्री आलं, मिरची, जिरं घालून वाटले आणि पीठ फ्रिजमध्ये ठेवलं. मुगाने साखरही एकदम चढत नाही. चटणीच्या फोडणीसाठी हिंगाची डबी उचलली आणि सहज तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. हिंगात गव्हाचं पीठ! इतकी वर्षं संसार केला, पण हे ठाऊक नव्हतं. डबी मुकाट्याने फडताळात गेली. पोळ्यांचा तवाही बाजूला ठेवून बिडाचा काढला.

सकाळी फक्त मीठ घालून धिरडी घालायची होती. भाचीने सवयीने विचारलं, "मामी, माझं कुठलं?"

"जे सगळ्यांचं, तेच तुझं."

ती आजीच्या शेजारी जाऊन बसली.