लुटुपुटूचे लाख डॉलर

हातात पैसा नाही पण बाजाराची नस कळते, अशा माणसाला पैसेवाल्याने उभे करायचे आणि नफा वाटून घ्यायचा, ही रीत जुनी आहे. तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग शिकागोत झाला. वायदेबाजारात नाव कमावलेल्या रिचर्ड डेनिसने १९८३च्या अखेरीस वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. निवडलेल्या मंडळींना विल्यम एकहार्टच्या साथीने दोन आठवडे शिकवले आणि स्वतःच्या पैशाची खाती त्यांच्या हाती सोपवली. ‘टर्टल्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या चेल्यांनी फी भरलेली नव्हती. ते बुडाले असते तर पैसा डेनिसचा गेला असता. आज ‘आम्ही तुमची परीक्षा घेतो आणि पास झालात तर भांडवल देतो’ असे सांगणाऱ्या कंपन्या याच परंपरेचा वारसा सांगतात. त्यांचा हिशेब मांडून पाहिला, तर त्यांचे नाते डेनिसशी कमी आणि आपल्याकडच्या डब्बा ट्रेडिंगशी जास्त जुळते, असे माझे मत आहे.

या धंद्यातले सर्वांत मोठे नाव म्हणजे प्रागची एफटीएमओ. ओताकार शुफ्नर आणि मारेक वाशीचेक यांनी २०१५मध्ये सुरू केलेली ही कंपनी. तिच्या दोन टप्प्यांच्या परीक्षेचा साचा पुढे इतरांनीही उचलला. एक लाख डॉलरच्या खात्याच्या परीक्षेची फी ५४० युरो. पहिल्या टप्प्यात दहा टक्के नफा दाखवायचा, दुसऱ्यात पाच टक्के. एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त किंवा एकूण दहा टक्क्यांहून जास्त तोटा झाला की परीक्षा संपली. दिवसाची मर्यादा मोजताना मिटलेले सौदेच नव्हे, तर उघड्या पोझिशनचा त्या क्षणीचा तोटाही धरतात, आणि दिवस बदलतो तो प्रागच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेचारला. पास झालेल्याला नफ्याचा ऐंशी टक्के वाटा मिळतो, पहिल्या पेआउटबरोबर फीही परत मिळते. आकडा लाखाचा असला तरी खेळायला मिळते ती दहा हजार डॉलरच्या तोट्याची मुभा, एवढेच. आणि तीही खरी नाही: परीक्षेतले काय किंवा पास झाल्यानंतरचे काय, खाते डेमोच असते. कंपनी हे लपवत नाही, अटींमध्ये स्पष्ट लिहिते.

आता ही परीक्षा कौशल्य ओळखते का? कसलीच अक्कल न लावता नाणे उडवून सौदे करणारा माणूस घ्या. दहा वर किंवा दहा खाली, यांत त्याची पहिल्या टप्प्याची शक्यता निम्मी. पाच वर किंवा दहा खाली, यांत दुसऱ्याची दोन तृतीयांश. दोन्ही मिळून तिघांतला एक पास होतो, निव्वळ नशिबावर. पुढे तो पाच टक्के कमावून पैसे काढून घेणार असेल, तर पुन्हा दोन तृतीयांश शक्यतेने त्याला चार हजार डॉलर मिळतात. म्हणजे प्रत्येक उमेदवारामागे सरासरी ८९० डॉलर, फीपेक्षा जास्तच. चाणाक्ष वाचक इथे अडवेल: मग कंपनीचे दिवाळे कसे निघत नाही? उत्तर यातच आहे. स्प्रेड, कमिशन, रोजच्या तोट्याची मर्यादा आणि मुख्य म्हणजे लक्ष्य गाठण्याची घाई यांमुळे खरा उमेदवार नाण्याहूनही वाईट खेळतो. तो तसा खेळला नाही, तर फीवर चालणारा हा धंदा उभाच राहू शकत नाही. डेनिसला चेले जिंकायला हवे होते. इथे बहुतेकांनी हरायला हवे असते.

डब्ब्यात हेच घडते. सौदा शेअर बाजारापर्यंत जातच नाही, चालवणाऱ्याच्या वहीतच राहतो आणि गिऱ्हाइकाचा तोटा हा त्याचा नफा होतो. आपल्याकडे तो गुन्हा आहे. फरकही सांगायला हवा: डब्ब्यात गिऱ्हाईक देशोधडीला लागू शकते, इथे एका खेपेला फीपुरतेच बुडते. माय फॉरेक्स फंड्स या कंपनीवर अमेरिकेच्या सीएफटीसी या नियामकाने ऑगस्ट २०२३मध्ये दावा लावला, तेव्हा आरोपाचा गाभा हाच होता: एक लाख पस्तीस हजारांवर ग्राहक, किमान ३१ कोटी डॉलर फी, आणि जवळजवळ सर्व सौद्यांत समोरची बाजू खुद्द कंपनीची. मे २०२५मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने तो दावा कायमचा फेटाळला. या धंद्याचे समर्थक त्याकडे निर्दोषत्वाचा दाखला म्हणून बोट दाखवतात. पण दावा पडला तो नियामकाच्या लबाडीमुळे. कंपनीने कॅनडा सरकारला भरलेला कर त्याने संशयास्पद हस्तांतर म्हणून न्यायालयापुढे मांडला होता. धंदा योग्य की अयोग्य, यावर निकाल झालाच नाही.

माझ्या मतावरचा सर्वांत वजनदार आक्षेप सेबीच्या आकड्यांतून येतो. सप्टेंबर २०२४च्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांत, उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, सरासरी माणशी सुमारे दोन लाखांनी. मग फीच्या पन्नास-साठ हजारांत हौस भागत असेल तर वाईट काय? मुद्दा खरा आहे, आणि घरदार गहाण टाकून ऑप्शन घेणाऱ्याला मी हाच पर्याय सुचवीन. पण नापास झालेला बहुतेकदा नव्याने फी भरतो, आणि तोटा छोट्या हप्त्यांत विभागला की त्याची बेरीज कोणी करत नाही. शिवाय ब्राझीलच्या वायदेबाजारात तीनशेहून अधिक दिवस टिकून राहिलेल्या डे ट्रेडर्सपैकी ९७ टक्के तोट्यात गेल्याचे तिथल्या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसले. म्हणजे सरावाने हात बसतो, या गृहीतकालाच फारसा आधार नाही. याउलट मालकाच्या पैशाने सौदे करणारे खरे प्रॉप डेस्क काय करतात, ते सेबीच्या त्याच पाहणीत आहे: २०२३-२४मध्ये त्यांनी एफ अँड ओत ३३,००० कोटी रुपये ढोबळ नफा मिळवला. ती माणसे पगारी, यंत्रणा त्यांची, पैसा मालकाचा; त्यांच्याकडे प्रवेशासाठी फी आकारत नाहीत.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. रोजच्या तोट्याला लगाम बसतो, स्टॉप-लॉस लावायची सवय लागते, हे मान्य. मात्र एकीकडे तोटा आवरा म्हणायचे आणि दुसरीकडे दहा टक्के कमवून दाखवा म्हणायचे, यात शिस्तीपेक्षा धाडसालाच बक्षीस मिळते. वर्षाला दहा टक्के सावकाश कमावणारा सावध माणूस त्या खात्यावर महिनोन्‌महिने अडकून पडतो. पेआउट होतात, हे खरेच आहे. पण किती फी जमा झाली, त्यातली किती वाटली आणि किती सौदे खरोखर बाजारात गेले, हे तीन आकडे शेजारीशेजारी छापायचे बंधन या धंद्यावर नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये एफटीएमओने ओआंडा ही १९९६पासूनची जुनी ब्रोकर कंपनी विकत घेण्याचा करार जाहीर केला. युरोपात २०१८पासून, सीएफडी (भावातल्या फरकापुरते करार) विकणाऱ्या अशा ब्रोकरला आपल्या किरकोळ ग्राहकांपैकी किती टक्के तोट्यात आहेत, ते जाहिरातीतच छापावे लागते. त्याच मालकाच्या परीक्षेला मात्र हा नियम लागू होत नाही, कारण तिथले सौदे लुटुपुटूचे असतात. खरी असते ती फक्त फी.