बेघर तरुण आणि रुग्णालयाचा अपघात विभाग

अपघात विभागाचे दार सर्वांस सदैव खुले असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कायद्याच्या दृष्टीने ती यथार्थच होय. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली असा निर्णय दिला की, जखमी मनुष्याचे प्राण वाचविणे हे डॉक्टरांचे आद्य कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी ते लांबणीवर टाकता येणार नाही. सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होय, हेही त्याच न्यायालयाने १९९६ साली ठरविले. तथापि, मुंबईसारख्या शहरात फलाटावर वा पदपथावर वाढलेल्या तरुणाचा अनुभव या दाराशी संपत नाही. तेथून तो सुरू होतो.

केसपेपर लिहिताना नाव, वय, पत्ता आणि सोबतचा नातेवाईक यांची विचारणा होते. घर असलेल्यास हे प्रश्न किरकोळ वाटतात. बेघरास त्यांतील प्रत्येक प्रश्न चौकशीसारखा भासतो. वयाचा प्रश्न तर विशेष अडचणीचा होय. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये अठरा वर्षांखालील निराधार बालक आढळल्यास रुग्णालयाने चोवीस तासांच्या आत त्याची माहिती यंत्रणेस देणे बंधनकारक आहे. हेतू संरक्षणाचा आहे. परंतु बालगृहाच्या भीतीने सतरा वर्षांचा मुलगा स्वतःस एकोणीस वर्षांचा म्हणवितो आणि त्या संरक्षणास मुकतो. उलटपक्षी, खरोखरच एकोणीस वर्षांचा असलेला तरुण या तरतुदीच्या बाहेर पडतो. त्याच अधिनियमातील अनुरक्षण-साहाय्य संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. संस्थेत कधीच न राहिलेल्यास त्याचा लाभ नाही.

दुसरा धोका निदानाचा. अडखळती वाचा, ग्लानी आणि तोल जाणे ही लक्षणे मद्याच्या अथवा द्रावक हुंगल्याच्या अमलाची असू शकतात, तशीच ती मेंदूतील रक्तस्रावाचीही असू शकतात. मळके कपडे पाहून पहिला तर्क केला गेल्यास दुसरा मागे पडतो, आणि तेवढा विलंब प्राणघातक ठरू शकतो.

तिसरा प्रश्न रुग्णालयातून सुटल्यानंतरचा. जखम कोरडी ठेवावी, विश्रांती घ्यावी, ठरल्या दिवशी पुन्हा यावे, या सूचना घर गृहीत धरूनच दिल्या जातात. पदपथावर त्या पाळता येत नाहीत. जखम चिघळते व तरुण अधिक बिकट अवस्थेत परत येतो. अनेकदा तो मध्येच उठून जातो. 'न सांगता निघून गेला' अशी नोंद होते. का गेला, हे तीत येत नाही.

तात्पर्य, प्रवेशाचा हक्क आणि उपचाराचा लाभ या दोन भिन्न गोष्टी होत. न्यायालयाने पहिली निश्चित केली आहे. दुसरी रुग्णालयाच्या दैनंदिन रीतीवर अवलंबून राहते. केसपेपरवरील पत्त्याची रिकामी जागा ही केवळ माहितीतील त्रुटी न मानता वैद्यकीय समाजसेवकास तत्काळ बोलावण्याची खूण मानली, तर या दोहोंमधील अंतर बऱ्याच अंशी कमी होऊ शकेल.