पेशंटचा हँडओव्हर झाला, मनाचं काय?

माझी रूममेट नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाइट ड्युटी करून सकाळी रूमवर आली की तिचे वॉर्डातले किस्से सुरू व्हायचे. तिला ‘माझी सिस्टर’ म्हणून हाक मारणाऱ्या एक आजी तर मला न पाहताही ओळखीच्या झाल्या होत्या. मग किस्से बंद झाले. पेशंटचे ‘बेड नंबर चार’, ‘बेड नंबर सात’ झाले. एकदा मीच विचारलं, ‘‘आजी कशा आहेत गं?’’ चहा ढवळत ती म्हणाली, ‘‘गेल्या. परवाच.’’ आणि मोबाइल हातात घेतला. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, ‘‘मला रडूच आलं नाही. मी दगड झालेय का गं?’’

तिला काय उत्तर द्यावं कळेना, म्हणून वाचायला घेतलं. तेव्हा ‘कम्पॅशन फटिग’ हा शब्द भेटला. मराठीत करुणेचा थकवा म्हणूया. १९९२मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी अमेरिकेतल्या नर्सेसबद्दल लिहिताना तो वापरला. पुढे १९९५मध्ये मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांनी त्यावर पुस्तकच काढलं. दुसऱ्याचं दुःख रोज जवळून बघणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, असं ते सांगतात. बर्नआउट कुठल्याही ऑफिसात होऊ शकतो. हा थकवा मात्र जीव लावण्यातून येतो. झोप उडते, घरच्यांवर चिडचिड होते, आणि कधीकधी आतून काहीच वाटेनासं होतं. म्हणजे दगड होतात ती बहुतेक वेळा जीव लावणारीच माणसं!

हे फक्त नर्सेसपुरतं नाही. एमएसडब्ल्यूच्या फील्डवर्कला जाणारे, इंटर्न डॉक्टर, भटक्या कुत्र्यांना वाचवणारे आपले मित्र, सगळ्यांनाच हे होऊ शकतं.

मग करायचं काय? सेल्फ-केअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फेसपॅक आणि गोव्याची ट्रिप येते. ट्रिपला ना नाही. पण शिफ्ट बदलताना सिस्टर पेशंटचा हँडओव्हर देतात, तसा मनावरचा भारही कुणाकडे तरी द्यायला हवा. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात त्यासाठी जागा असते. मार्गदर्शक शिक्षकांसोबतची ‘आयसी’, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. जर्नलवर सही घेऊन पळण्याऐवजी ‘मॅडम, त्या घरातून आल्यापासून झोप नाही’ हे तिथे बोलता येतं. समुपदेशकही आपल्या सुपरव्हायझरशी असंच बोलतात.

माझ्या रूममेटला अशी आयती जागा नव्हती. तिने आणि तिच्या बॅचमेटने ती तयार केली. ड्युटी सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर दहा मिनिटं. मोबाइल पर्समध्ये. ‘आज काय जड गेलं?’ एवढाच प्रश्न. सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं.

अर्थात, अख्ख्या वॉर्डाला दोनच सिस्टर असतील आणि नाइटमागून नाइट लागत असतील, तर टपरीवरच्या चहाने तो प्रश्न सुटणार नाही. तिथे माणसं आणि सुट्ट्याच वाढवायला हव्यात. ‘योगा करा, बरं वाटेल’ म्हणून कुणी हात झटकू नयेत.

आणि बोलायला कुणीच नसेल, किंवा बोलूनही हलकं वाटत नसेल, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन आहे. १४४१६ हा नंबर मोफत, चोवीस तास. मराठीतही बोलता येतं. दुसऱ्यांना मदत करणाऱ्यांनी स्वतः मदत मागायची नाही, असा काही नियम नाही.

परवा सकाळी ती आली आणि कागदात गुंडाळलेला अर्धा पेढा माझ्यासमोर ठेवला. ‘‘साताऱ्याचे काका घरी गेले गं आज. जाताना सगळ्यांना पेढे दिले.’’

‘‘कुठले काका?’’

‘‘अगं, बेड नंबर सात!’’