न काढलेली रेघ

तिसऱ्या वर्षी सरांनी प्रतिकृतीसाठी चित्र निवडायला सांगितले. मी योहानेस व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी निवडली. साधारण १६६५ सालचे हे तैलचित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. त्याचे माप जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर. मीही तेवढाच कॅनव्हास ताणला.

पहिला आठवडा तपकिरी आणि काळ्यात गेला. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी नुसता छायाप्रकाश मांडला. व्हर्मीरनेही खाली असेच गडद थर दिल्याचे २०१८ मधल्या तपासणीत दिसले आहे. मग एकेक थर चढवत गेले. प्रत्येक वरच्या थरात जवसाचे तेल थोडे जास्त घालायचे. खालीच तेल जास्त झाले, तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे त्याला तडे जातात. म्हणून दोन थरांमध्ये कॅनव्हासला हात न लावता थांबावे लागते.

फेट्याच्या निळ्यासाठी व्हर्मीरने आजच्या अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दी दगडाचा रंग वापरला होता. माझ्याकडे ट्यूबमधला अल्ट्रामरीन होता. शिशाचा पांढरा विषारी, म्हणून टिटॅनियम व्हाइट घेतला. तो त्वचेवर थंड दिसतो, त्यामुळे त्यात कणभर यलो ऑकर मिसळला.

अडले ते नाकाशी. नाकाच्या दांड्याची कड मी नीट रेघ ओढून दाखवली आणि चेहरा लाकडी झाला. सर म्हणाले, "प्रिंट उलटी लाव आणि पुन्हा बघ." उलट्या चित्रात नाक नव्हतेच, नुसते उजेडाचे तुकडे होते. दांडा आणि पलीकडचा गाल एकाच उजळ छटेत मिसळलेले, मध्ये रेघ नाही. नाकाला कड असते हे मला ठाऊक होते, म्हणून मी ती काढली होती. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून तेवढा भाग पुसला.

मोतीही तसाच. वर पांढऱ्या रंगाचा जाड ठिपका, खाली कॉलरचे मऊ प्रतिबिंब. बाह्यरेषा नाही, कानात अडकवायची आकडीसुद्धा नाही. तरी दोन पावलांवरून तो गोल आणि जड दिसतो.

पूर्ण झालेल्या कॅनव्हासच्या पाठीवर मी व्हर्मीरचे नाव आणि 'प्रतिकृती' हा शब्द लिहिला. आता समोर मॉडेल बसले की रेघ ओढण्याआधी मी थांबते आणि ती कड खरोखर दिसते का, ते आधी पाहते.