119 कोटी डॉलर आणि 313 इनिंग

लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाने 2023-24 च्या हिवाळ्यात पाच खेळाडूंशी मिळून सुमारे 119 कोटी डॉलरचे करार केले. त्यातले 70 कोटी शोहेई ओहतानीचे, 32.5 कोटी योशिनोबू यामामोतोचे, 13.66 कोटी टायलर ग्लासनाऊचे. टिओस्कार हर्नांडेझ (2.35 कोटी) आणि जेम्स पॅक्सटन (70 लाख) यांचे करार एकेका वर्षाचे.

खर्चाचे कारण ऑक्टोबर 2023 मध्ये सापडते. हंगामात 100 सामने जिंकलेला हा संघ प्लेऑफमध्ये 84 विजयांच्या ॲरिझोनाकडून 3-0 ने हरला. सुरुवातीच्या पिचरने साधारण पाच इनिंग टाकाव्यात अशी अपेक्षा असते. डॉजर्सच्या तिघांनी तीन सामन्यांत मिळून 4⅔ इनिंग टाकल्या आणि 13 धावा दिल्या. क्लेटन कर्शॉने पहिल्या सामन्यात एकच फलंदाज बाद केला, धावा दिल्या सहा. तिसऱ्या सामन्यात लान्स लिनला एकाच इनिंगमध्ये चार होम रन बसले.

गरज पिचरची होती, पण सर्वात मोठा करार झालेला ओहतानी कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे 2024 मध्ये पिचिंग करणार नव्हता. त्याच्या 70 कोटींपैकी 68 कोटी, म्हणजे 97 टक्के, 2034 ते 2043 या काळात बिनव्याजी द्यायचे आहेत. तोवर त्याचा पगार वर्षाला 20 लाख, पॅक्सटनच्या कराराच्या एक तृतीयांशाहून कमी. लीगचा अतिखर्चावरचा कर मोजताना मात्र हा करार वर्षाला सुमारे 4.6 कोटींचा धरला जातो. आजच्या खर्चाला जागा मिळते ती बहुतेक रक्कम अशी पुढे ढकलल्यामुळे.

हंगामात 162 सामने, प्रत्येकी नऊ इनिंग. म्हणजे संघाला साधारण 1,458 इनिंग टाकाव्या लागतात. 2024 मध्ये ग्लासनाऊने 134, यामामोतोने 90 आणि पॅक्सटनने 89⅓ टाकल्या. एकूण 313⅓, गरजेच्या 21 टक्के. दुखापतींनी ग्लासनाऊचा हंगाम ऑगस्टमध्येच संपवला, आणि जुलैअखेर पॅक्सटन बोस्टनला गेला होता. संघात सर्वाधिक 140⅓ इनिंग गॅव्हिन स्टोनच्या, आणि तो त्या हिवाळ्यातल्या खरेदीत नव्हता. 162 इनिंगचा, म्हणजे सामन्यामागे एक इनिंगचा, टप्पा कुणीच गाठला नाही. तरीही संघ विश्वविजेता झाला. सॅन डिएगोविरुद्ध हरलो तर बाहेर अशा सामन्यात आठ पिचरनी काम वाटून घेतले आणि डॉजर्स 8-0 ने जिंकले. त्या विजेतेपदाचे श्रेय बुलपेनला, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्यांना, जास्त द्यायला हवे.

पुढच्या हिवाळ्यात दोन्ही बाजूंना पैसा गेला. सुरुवातीसाठी ब्लेक स्नेल, पाच वर्षांचे 18.2 कोटी, शेवटच्या इनिंगसाठी टॅनर स्कॉट, चार वर्षांचे 7.2 कोटी, आणि कर्बी येट्स, एका वर्षाचे 1.3 कोटी. रोकी सासाकी वयाच्या नियमामुळे अवघ्या 65 लाखांच्या बोनसवर आला. 2025 मध्ये खांद्याच्या दुखण्यामुळे स्नेलच्या 61⅓ इनिंगच झाल्या. स्कॉटने हातातली आघाडी 10 वेळा गमावली. नऊ इनिंगमागे त्याने सरासरी 4.74 धावा दिल्या, येट्सने 5.23.

कमतरता भरून निघाली ती आधीच्या वर्षीच्या खरेदीतून. यामामोतोच्या इनिंग 90 वरून 173⅔ झाल्या, 93 टक्के वाढ. प्लेऑफमध्ये आणखी 37⅓. टोरोंटोविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये सहाव्या सामन्यात त्याने 96 चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात बुलपेनमधून येऊन 2⅔ इनिंगमध्ये आणखी 34. शेवटचा गडीही त्यानेच मिळवला. माझ्या मते संघाची सर्वात मोठी जोखीमही इथेच आहे: त्याच्याखेरीज एकाही पिचरने 162 इनिंग गाठल्या नव्हत्या.

डिसेंबर 2025 मध्ये डॉजर्सने एडविन डियाझशी तीन वर्षांचा 6.9 कोटींचा करार केला. तो टाकतो शेवटची इनिंग, हंगामात साधारण साठ-सत्तर. सुरुवातीच्या इनिंगचा प्रश्न त्याने सुटत नाही.