हनोईत दोघांचा एक दिवस

सकाळी 6. होआन किएम तळ्याकाठी अर्धं हनोई व्यायामाला उतरलेलं असतं. बायका स्पीकर लावून तालावर हातपाय हलवतात, म्हातारी माणसं बॅडमिंटन खेळतात. आम्ही तळ्याला सावकाश फेरी मारतो. खर्च शून्य, आणि दिवसातला सगळ्यात सुंदर तास हाच.

साडेसात. खोली नाश्त्यासकट 4 लाख डोंग. पहिल्या दिवशी आकडा ऐकून धस्स झालं होतं. आता 300 डोंगांना एक रुपया हे तोंडपाठ झालंय, म्हणजे साडेतेराशेच्या आतच. खोली एकट्याला घेतली तरी एवढ्यालाच पडते. जोडीनं फिरण्यातली खरी बचत इथे आहे. ताट आणि तिकीट दोघांचं वेगळंच. निघताना कपडे धुवायला दिले, 2 किलोंचे 60 हजार.

पाच लाखांची आणि वीस हजारांची, दोन्ही नोटा निळ्या. परवा ह्यांनी केळीवालीला वीस हजार म्हणून पाच लाखांची नोट दिली. तिनं ती तिथल्या तिथे परत केली. तेव्हापासून मोठ्या नोटा माझ्या पर्समध्ये, वेगळ्या कप्प्यात.

साडेनऊ. चालत साहित्य मंदिराकडे. 1070 साली कन्फ्यूशियससाठी बांधलेलं हे मंदिर एक लाखाच्या नोटेवर छापलेलं आहे. माणशी 70 हजार. दगडी कासवांच्या पाठीवरचे 82 शिलालेख पाहिले. जुन्या राजपरीक्षा पास झालेल्यांची नावं त्यांवर कोरली आहेत. दोन तास कसे गेले कळलं नाही.

12. मी शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. इथे नुसत्या भाजीतही माशाचं पाणी असतं, म्हणून पाटीवर ‘चाय’ शब्द शोधायचा. त्याचा अर्थ शाकाहारी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला इथले पुष्कळ लोकही असंच जेवतात. भात, टोफू, पालेभाजी, सूप: दोघांचे 90 हजार. पोटभर.

2. “अगं, ऊन बघ, टॅक्सी करू.” मी बसच्या थांब्याकडे बोट दाखवलं. वातानुकूलित बस, माणशी 8 हजार. वाटेत पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, 15 हजार.

साडेतीन. अंड्याची कॉफी, दोन कप 70 हजार. 1946 साली दुधाची टंचाई होती, तेव्हा एका कॉफीवाल्यानं पिवळा बलक फेटून वर घातला. टंचाईतून निघालेला पदार्थ इतका श्रीमंत लागतो!

साडेसहा. पाण्यावरच्या बाहुल्या, मागच्या रांगेतली 1-1 लाखाची तिकिटं. इथे मात्र मी हात आखडत नाही. तांबड्या नदीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत जन्मलेली ही कला. कलावंत पडद्यामागे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून बाहुल्या नाचवतात. शेवटी ते ओलेत्यानंच बाहेर येऊन वाकले, तेव्हा माझे डोळे भरून आले. वाहनावर काय हवं ते वाचवा, पण ज्यासाठी आलो ते चुकवू नका.

साडेआठ. ह्यांना चिकनचा फो, म्हणजे नूडल्सचं सूप, मला ‘चाय’ फो, मिळून 95 हजार.

10. वहीत बेरीज: 10 लाख 86 हजार डोंग, सुमारे 3,600 रुपये. विमानभाडं आणि माणशी 25 डॉलरचा ई-व्हिसा यात धरलेला नाही.